विहीणबाईंनी चर्चला बोलावलंय

*"ताई, मी अमळनेरची. धाकट्यानं पुण्यात सोबत नोकरी करणारी मिझो मुलगी पसंत केलीय. डिसेंबरात आम्ही बोलणी करायला मिझोरामात ऐझॉलला जाणार. तिच्या आईचा निरोप आलाय, रविवारी आमच्याबरोबर प्रेस्बिटेरियन चर्चला या. सासूबाई म्हणतात, तिथं पाणी शिंपडून बाटवतात. मला जायचंय, पण हात जोडायचे का, कुंकू चालेल का, काही ठाऊक नाही. शिवाय ह्यांना कीर्तनातही डुलकी लागते."*

आधी सासूबाईंचं. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा असा चुकून होत नाही हो. तो स्वतः मागावा लागतो, आधी शिकवण घ्यावी लागते. बाकावर बसलेल्या पाहुण्यावर कुणी पाणी शिंपडत नाही. कुंकू, मंगळसूत्र, साडी, सगळं असू द्या. तिथल्या बायकाही त्यांचं हातमागाचं पुआन नेसून येतात. वर शाल घ्या, डिसेंबर आहे.

डोळ्यांना मात्र चुकल्यासारखं होईल. मूर्ती नाही, समई नाही, उदबत्ती नाही. बाकं आणि समोर प्रवचनाचं व्यासपीठ. हा पंथ तिकडे वेल्सच्या मिशनऱ्यांनी नेला. बायबलचं वाचन आणि त्यावरचं प्रवचन हाच त्याचा गाभा. बिशप नसतो. लोकांनीच निवडलेले 'वडील' पाळकांच्या बरोबरीनं कारभार बघतात, मिझोत त्यांना 'उपा' म्हणतात. प्रवचन मिझोतच असणार आणि चांगलं लांबणार, तेव्हा ह्यांना कडेला नको, लेकाच्या शेजारी बसवा.

गाणं मात्र कान देऊन ऐका. सगळी मंडळी वेगवेगळे सूर एकात एक गुंफून गातात, सोबत ढोल.

सगळे उठले की उठा, बसले की बसा. भुसावळला रेल्वे कॉलनीतल्या शेजारणीबरोबर मी पहिल्यांदा चर्चला गेले (ती मंडळी निराळ्या पंथाची), तेव्हा गाणं संपून सगळे बसले तरी मी एकटी उभी, आता आरतीचं ताट येईल म्हणून. शेवटी मागच्या आजीनं पदर ओढून खाली बसवलं. प्रार्थनेच्या वेळी हात आपोआप जोडले गेले तर जाऊ द्या, कुणाला खटकत नाही.

एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. कधी कधी भाकर आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले फिरतात. दर रविवारी नसतं ते. आपल्याकडे प्रसाद नाकारला तर अपमान होतो. इथं उलटं आहे. तो विधी बाप्तिस्मा घेतलेल्यांचा, म्हणून तबक तसंच पुढं द्यायचं. दानाचं भांडं आलं तर मनाला येईल ते टाका, नाही टाकलं तरी चालतं.

दारात हात पुढे आले की 'चिबाय' म्हणा, त्यांचा नमस्कार तो. केळीचे वेफर्स न्यालच. पण काही विकत घ्यायचं राहिलं असेल तर शनिवारीच उरका, रविवारी तिथला बाजार बंद असतो.

आणि एक. आपल्या खानदेशात कानबाईच्या सणाला रोटांसाठी आपण घरातल्या माणसांच्या नावानं धान्याच्या मुठी मोजतो ना? मिझो बायका रोज भात रांधताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. 'बुहफाय थाम' म्हणतात त्याला. १९१० पासून चाललंय. विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेलात की तो तांदूळ कुठं ठेवता म्हणून विचारा, आणि त्यांना रोटांचं सांगा.