वेळणेश्वरजवळच्या गावात राहणाऱ्या आईला बंगळुरूहून ताजी फुले कशी पाठवावीत?

तुम्ही प्रश्नात लिहिले आहे की, तुम्ही बंगळुरूला नोकरीला आहात, आई वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीत एकटी राहते, मे महिन्यात तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दिवशी सकाळी तिच्या हातात ताजी फुले पडावीत अशी तुमची इच्छा आहे. फुले घरपोच देणारी बहुतेक संकेतस्थळे तुमच्या गावचा पिनकोड नाकारतात आणि ज्या एकाने तो स्वीकारला त्याच्यावर भरवसा ठेवावा की नाही, हे तुम्हाला कळत नाही. मी चिपळूणला राहतो आणि बाहेरगावच्या नातेवाइकांच्या वतीने गुहागर तालुक्यात फुले पोचवण्याचे काम माझ्याकडे वरचेवर येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचे तर बंगळुरूहून फुले पाठवू नका, फक्त मागणी पाठवा; आणि ती मागणीही संकेतस्थळाकडे न नोंदवता शृंगारतळी, गुहागर किंवा चिपळूण येथील एखाद्या माणसाशी थेट बोलून द्या.

ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेतील फुलविक्रेत्यांनी १९१० साली एकत्र येऊन एक संघटना उभारली, तिचा सारा व्यवहार याच कल्पनेवर चालत असे: गिऱ्हाइकाने आपल्या गावातील दुकानात पैसे भरायचे, त्या दुकानदाराने तारेने मागणी कळवायची आणि गुच्छ मात्र जिथे पोचवायचा त्या गावातील दुकानदाराने आपल्याकडच्या ताज्या फुलांतून बांधून द्यायचा. आजची बरीचशी संकेतस्थळे तारेऐवजी इंटरनेट वापरून हेच करतात. त्यांच्या स्वतःच्या बागा नसतात, शहरोशहरीच्या दुकानदारांशी करार असतात, आणि जिथे असा दुकानदार नाही तिथला पिनकोड नाकारला जातो. तो नकार प्रामाणिकपणाचा आहे, त्यावर रागावू नये. काळजी करायची ती पिनकोड स्वीकारणाऱ्याची. त्यांना एवढेच विचारा की, गुच्छ कोणत्या गावात बांधला जाणार आहे आणि तिथून घरापर्यंत तो कोण नेणार आहे. याचे सरळ उत्तर मिळाले नाही तर गुच्छ कुठल्या तरी शहरातून खोक्यात घालून कुरियरने निघणार असे समजावे. मे महिन्याच्या उकाड्यात दोन-तीन दिवस बंद खोक्यात काढलेल्या गुलाबाची काय अवस्था होते, ते वेगळे सांगायला नको.

आता माणूस शोधायचा कसा? मोबाइलवरच्या नकाशावर गावाकडचे हारवाले क्वचितच सापडतात, कारण त्यांतल्या पुष्कळांचे दुकान म्हणजे देवळाबाहेरची किंवा एसटी स्टँडजवळची एक टपरी असते. म्हणून आईच्या नेहमीच्या किराणा दुकानदाराला, औषधाच्या दुकानात किंवा गावच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाला फोन करून विचारावे. अशा ठिकाणी हारवाल्याचा नंबर हमखास मिळतो. मात्र मे महिन्यात मी हारवाल्याच्याही आधी मंडप-डेकोरेशनवाल्याकडे जातो. तो लग्नसराईचा काळ असतो आणि स्टेज सजवण्यासाठी हे लोक घाटावरून जरबेरा, ग्लॅडिओलस, निशिगंध, कधी ऑर्किडसुद्धा मोठ्या प्रमाणात मागवतात. तुमच्या तारखेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी तालुक्यात लग्न असेल, आणि मे महिन्यात ते बहुधा असतेच, तर त्याच मालातून आईसाठी दहा-बारा चांगल्या काड्या बाजूला काढून ठेवणे त्याला मुळीच जड जात नाही.

या माणसाशी बोलताना अमुकच फूल हवे असा हट्ट धरू नये. झेंडू, शेवंती, निशिगंध, गुलाब ही फुले आमच्याकडे बहुतांशी घाटावरच्या शेतांतून येतात. चिपळूणला ती कुंभार्ली घाटाने उतरतात आणि मग पुढे गुहागरकडे जातात. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा की, माल कोणत्या दिवशी, किती वाजता येतो. वाढदिवस माल येण्याच्या दिवशी असला तर उत्तमच. नसला तर आदल्या खेपेतील कोणती फुले दुसऱ्या दिवशीही ताजी राहतील, हे त्यालाच ठरवू द्यावे. तुम्ही रंग सांगा, साधारण किती रुपयांपर्यंत हवे ते सांगा, थोडी आगाऊ रक्कम यूपीआयने पाठवा आणि रिक्षाचे भाडे वेगळे देण्याचे कबूल करा. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. गावाकडे गुच्छाच्या किमतीवरून फारसा वाद होत नाही, पण वाडीपर्यंत जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा हे आधी ठरले नसेल तर तुमची फुले दुपारपर्यंत टपरीवरच राहतात.

कोणती फुले द्यावीत याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तुमच्या आईच्या अंगणात जास्वंद, तगर, अबोली, कदाचित सोनचाफाही असेल. तीच फुले चकचकीत कागदात बांधून तिला देण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत चांगला गुलाब किंवा शेवंती सहज होत नाही, म्हणून कोकणातल्या माणसाला घाटावरच्या फुलांचे अप्रूप असते. निशिगंधाच्या काड्या मला सर्वांत भरवशाच्या वाटतात, कारण त्या खालच्या कळ्यांपासून वर उमलत जातात आणि चार-पाच दिवस घरात सुगंध राहतो. ग्लॅडिओलसही तसाच खालून वर फुलतो. तो घेतल्यास खालची एक-दोन फुले नुकती रंग दाखवू लागली आहेत अशाच काड्या मागाव्यात आणि वाहतुकीत त्या उभ्या ठेवायला सांगावे, कारण आडव्या पडल्या तर शेंडे वर वळतात आणि काडी वाकडी होते. मे महिन्यात गावाजवळच हमखास मिळणारे आणि तरीही खास वाटणारे एक फूल म्हणजे मोगरा. त्याच्या पांढऱ्या, टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या सकाळी खुडून ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून पोचवल्या तर संध्याकाळी त्या आईच्या घरातच उमलतात. उमललेला मोगरा पाठवू नये. तो पोचेपर्यंत तपकिरी पडू लागतो. सुरंगीचे वळेसर, म्हणजे तिच्या फुलांचे गजरे, पाठवण्याचा विचार मनात आला असेल तर तिचा हंगाम मे महिन्यापूर्वीच सरतो आणि ती मुख्यतः वेंगुर्ले-सावंतवाडीकडची, म्हणून तो विचार सोडावा.

एक नाजूक गोष्ट लिहितो, तिचा राग मानू नये. आई एकटी राहते असे तुम्ही लिहिले आहे. वडील हयात नसतील तर केसांत माळायचा गजरा स्वीकारताना काही घरांतील बायका अजूनही संकोचतात. माझ्या मते ही रूढी कधीच बाजूला पडायला हवी होती, पण ती मोडण्याचा मुहूर्त आईने स्वतः निवडावा. परक्या माणसाने दारात उभे राहून, शेजाऱ्यांच्या देखत गजरा पुढे केल्यावर नव्हे. अशा वेळी गजऱ्याऐवजी परडीभर सुट्या कळ्या पाठवाव्यात. त्या देवाला वाहायच्या, उशाशी ठेवायच्या की माळायच्या, हे मग तिच्यावर सोपवलेले बरे.

पत्त्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड असतो. आमच्याकडे घराला क्रमांक असला तरी त्यावरून कोणी घर शोधत नाही. वाडीचे नाव, घराण्याचे नाव आणि रस्त्यापासून खाली उतरणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, कोणती, हे सांगावे लागते. नकाशावरचे ठिकाण पाठवाच, परंतु रिक्षा जिथे थांबते तिथून घर अनेकदा पंचवीस-तीस पायऱ्या खाली असते आणि त्या ठिकाणी रेंज नसते. म्हणून वाडीतल्या एका शेजाऱ्याला विश्वासात घ्यावे आणि त्याचा फोन नंबर फुलवाल्याला द्यावा. मे महिन्यात आई सकाळी आंबा-काजूच्या गडबडीत असेल किंवा कुणाच्या लग्नाला निघून गेली असेल, तर फुले पाण्यात घालून ठेवायलाही कोणीतरी हवे. गुच्छासोबतची चिठ्ठी मात्र छापील नको. मजकूर फोनवर सांगून चांगल्या अक्षराच्या माणसाकडून ती मराठीत लिहून घ्यावी. फुले निघण्यापूर्वी गुच्छाचा फोटो मागवणे यात गैर काही नाही, फुलवाल्यांनाही आता त्याची सवय झाली आहे.

फुले घरी पोचल्यावर ती कुठे ठेवली जातात यावरही त्यांचे आयुष्य अवलंबून असते, आणि मे महिन्यात कोकणातल्या घरात तर ही गोष्ट अगदी निर्णायक ठरते. त्या दिवसांत माजघरात किंवा पडवीत पेंढ्यावर हापूसची अढी घातलेली असते. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. तोच आंबा पिकवतो आणि तोच फुलांनाही लवकर म्हातारे करतो. कार्नेशनच्या पाकळ्या त्याने आत वळून मिटतात, ऑर्किड कोमेजते, काही जातींचे गुलाब पाकळ्या गाळू लागतात. जरबेरा आणि शेवंती त्यामानाने टिकाव धरतात. म्हणून शेजाऱ्याला एवढेच सांगावे की, फुले अढीच्या खोलीत नकोत, ओटीवर सावलीत ठेवावीत. देठांची टोके दोनेक सेंटिमीटर तिरपी कापावीत, पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे, कारण पाण्यात वाढणारे जिवाणू देठातील नलिका बुजवतात आणि भांडे भरलेले असूनही फूल तहानलेले राहते. जरबेराला मात्र पाणी थोडेच द्यावे, कारण त्याचा लवदार देठ खोल पाण्यात लवकर कुजतो.

एक पर्याय अजून सांगण्यासारखा आहे. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतच असतात. तुमच्या वाडीतले कोणी वाढदिवसाच्या आदल्या रात्री निघणार असेल तर त्याला दादरच्या फुलबाजारातून माल घेता येतो. तो बाजार स्टेशनाला लागूनच आहे आणि मध्यरात्रीनंतर दादरहूनच सुटणारी तुतारी एक्सप्रेस चिपळूणला थांबते. अशा वेळी दुकानदाराला सांगावे की, काड्या काही तास पाण्यात उभ्या ठेवून मगच बांधायच्या, देठांच्या टोकांना ओला कापूस लावून त्यावर प्लास्टिक बांधायचे आणि वरचा भाग कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा. पाकळ्यांवर पाणी शिंपडू देऊ नये; शिंपडल्यावर फुले दुकानात छान दिसतात, पण प्रवासात त्या ओलीवर बुरशीचे डाग पडतात. खाजगी बसने कोणी आणणार असेल तर गुच्छ डिकीत न ठेवता हातात किंवा सीटजवळ ठेवायला सांगावे, कारण बंद डिकीत उष्णता साठते. चिपळूणहून पुढे वेळणेश्वरच्या बाजूला जाणारी एसटी किंवा रिक्षा सकाळी मिळते. तरीही गाडी उशिरा आली तर बेत कोलमडू नये म्हणून स्थानिक फुलवाल्याला मोगऱ्याच्या कळ्यांची मागणी देऊन ठेवावी.