वडिलांचं केबल चालू ठेवू का बंद करू?

प्रश्न : आमचं पारोळ्याला केबल आहे, वडिलांनी १९९४ ला गच्चीवर मोठी छत्री बसवून चालू केलेलं. आता निम्मी कनेक्शनं गेली, कोणी डीटीएच लावलं, कोणी मोबाईलवरच बघतं. वडील म्हणतात आपलंच कुठंतरी चुकलं. खरंच चुकलं का, आणि बंद करू का?

उत्तर : भाऊ, वडिलांना आधी सांगा की त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या काळात सगळं त्यांच्याच हातात होतं, कंट्रोल रूम घरची, कुठलं चॅनल दाखवायचं ते ठरवणारे तेच, काळी वायर गल्लोगल्ली आणि मधेमधे सिग्नल वाढवणारे अॅम्प्लिफायर, शेवटच्या घरात मुंग्या यायच्या तरी लोक चालवून घ्यायचे. पण त्या जुन्या अॅनालॉग पद्धतीच्या एका चॅनलला जेवढी जागा लागायची तेवढ्यात डिजिटलची दहाएक चॅनलं बसतात, आणि तेवढी चॅनलं पकडून पुढे सोडायची मशिनरी एका गावाच्या केबलवाल्याला परवडणारी नव्हतीच. २०११ च्या कायद्याने सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आपल्याकडच्या शहरांना २०१५ अखेरची मुदत होती, ती कोर्टकचेरीत लांबली, पण शेवटी सिग्नल मोठ्या कंपनीकडून यायला लागला आणि वडिलांकडे राहिलं वायर सांभाळणं आन वसुली. खरा फटका मला तरी इथेच दिसतो, मोबाईल नंतर आला. डीटीएच तर २००३ पासून होतंच, मळ्यातल्या घरांवर बिनभाड्याची फ्री डिश लागली, २०१६ ला जिओने डेटा स्वस्त केला, आणि २०१९ ला १०० चॅनलला १३० रुपये अधिक टॅक्स, वर पे चॅनलचे वेगळे, हा हिशोब दारात उभं राहून समजावता समजावताच गिऱ्हाईक गेलं.

बंद मात्र करू नका. गल्लीतली वायर अजून तुमची आहे. ती फायबरची, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या काचेच्या तारेची करा, एकदम नाही, एकेक गल्ली घ्या. एकाच फायबरमधून टीव्ही आणि इंटरनेट वेगवेगळ्या तरंगलांबीवर जातं, मधे वीज लागणारा अॅम्प्लिफायर नको, म्हणजे मे महिन्याच्या उन्हात खांबावर काही जळायला नको, आणि एका गल्लीची लाईट गेली म्हणून पुढच्या गल्लीचं बंद पडत नाही. पण केबलची नोंदणी इंटरनेटला चालत नाही, इंटरनेटचा परवाना असलेल्या कंपनीशी करार करावा लागतो. करार कच्चा नको, गिऱ्हाईक कोणाचं आणि वाटा किती हे त्यात लिहून घ्या, बॉक्स आले तेव्हा बऱ्याच जणांनी नेमकं तेच लिहून घेतलं नव्हतं.