वरंबा शेवटी बघ

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळा आरओपीसाठी (पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ अर्धवट राहून बिघडते तो आजार) तपासताना नवख्याची नजर थेट वरंब्यावर जाते. रक्तवाहिन्यांची वाढ थांबते तिथली ती उंच कड ठसठशीत दिसते, आणि कागदावर ‘स्टेज २’ (आजाराची पायरी) लिहून माणूस मोकळा होतो. पण उपचार करायचा की वाट बघायची, हे एकट्या स्टेजवर ठरत नाही. आधी रक्तवाहिन्या, मग झोन (आजार पडद्याच्या कुठल्या भागात आहे ते), स्टेज सगळ्यात शेवटी, हा क्रम अंगवळणी पाड.

बाहुली नीट मोठी हवी. ट्रॉपिकामाइड ०.५ टक्के आणि फिनाइलेफ्रिन २.५ टक्के, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने एकेक थेंब, दोन-तीनदा. गालावर ओघळलेलं लगेच टिप. त्वचेतून शोषलं गेलं तरी बाळाचा रक्तदाब चढतो. फिनाइलेफ्रिनची १० टक्क्यांची बाटली त्या ट्रेमध्ये असूच नये. तरीही बाहुली हलली नाही, तर थेंब ओतत बसू नकोस. बुबुळावरच्या वाहिन्या फुगल्या आहेत का बघ. आजार जोरात असल्याची ती खूण असू शकते.

तपासणीआधी तासभर दूध नको. बाळाला दुपट्यात गुंडाळ, जिभेवर साखरपाणी, डोळ्यात भुलीचा थेंब. नर्सची नजर मॉनिटरवर हवी, कारण डिप्रेसरने (पडद्याच्या कडा दिसाव्यात म्हणून डोळा बाहेरून दाबायचं हत्यार) दाबलं की नाडी मंदावते, कधी श्वासही थांबतो. तसं झालं की लगेच हात काढ.

स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारा चिमटा) लावल्या लावल्या डिप्रेसर उचलायचा नाही. आधी मधला भाग बघ: शिरा फुगल्यात का, धमन्या नागमोडी झाल्यात का? दाबाने वाहिन्या रिकाम्या होतात आणि प्लस (म्हणजे अशा फुगलेल्या, नागमोडी वाहिन्या) असलेला डोळा शांत भासतो. वाइडफील्ड कॅमेऱ्याची लेन्स जोरात टेकली तरी हेच होतं. फोटोंवरून शिकणारे इथेच फसतात. प्लसवर मुरलेल्या डॉक्टरांचंही एकमत होत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर प्री-प्लस (प्लसच्या आधीची सौम्य अवस्था) आणि प्लस ही एकच चढती श्रेणी मानली आहे. म्हणून सीनियरची नोंद वाचण्याआधी स्वतःचं मत लिहून ठेव.

झोन १ म्हणजे डिस्कभोवतीचं (दृष्टीची नस डोळ्याला मिळते ती चकती) वर्तुळ. त्रिज्या डिस्क ते फोविया (पडद्यावरचा नजरेचा मध्यबिंदू) अंतराच्या दुप्पट. पण या बाळांत फोविया धड दिसत नाही. अशा वेळी २८ डायॉप्टरच्या लेन्समध्ये डिस्कची नाकाकडची कडा दृश्याच्या एका काठावर आण. कानाकडचा काठ साधारण झोन १ ची हद्द असते. एखाद्याच ठिकाणी खाच पडून वाहिन्या आत थांबल्या असतील, तरी झोन १ च धर, फक्त ‘खाचेमुळे’ असं सोबत लिही.

झोन १ मध्ये प्लससह कुठलीही स्टेज, झोन १ मध्ये प्लसविना स्टेज ३, किंवा झोन २ मध्ये प्लससह स्टेज २ वा ३ असेल, तर ७२ तासांच्या आत उपचार. आजाराच्या आक्रमक प्रकारात मात्र बऱ्याचदा वरंबा उठतच नाही, नव्या वाहिन्यांचं सपाट जाळं पसरतं. वरंबा शोधणाऱ्याला ते दिसत नाही.

उपचार म्हणून डोळ्यात इंजेक्शन दिलेल्या बाळाला लवकर सोडू नकोस. आजार काही महिन्यांनीही उलटतो, त्यामुळे गर्भकाळ धरून किमान ६५ आठवड्यांपर्यंत तपासत राहा. आणि पुढची तारीख, मग ती आठवड्याची असो वा दोन आठवड्यांची, बाळ टेबलावर असतानाच आईच्या हातात लिहून दे.

तुझा,
सर