कंट्रोलरमुळे किंवा गेममुळे घरचा संगणक खरोखर बिघडतो का? आईबाबांना कसे पटवून द्यावे?

तुम्ही लिहिले आहे की गेम खेळायचा कंट्रोलर आणल्यापासून घरचा संगणक मधूनच गोठतो, कधी आपोआप बंद पडतो, आणि आईबाबांनी कंट्रोलर काढून घेऊन सगळे गेम पुसायला सांगितले आहे. कंट्रोलरमुळे खरोखर असे होते का, या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे: जवळजवळ कधीच नाही. त्यांना कसे पटवायचे, या दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझ्या जुन्या जखमेवरची खपली निघाली, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

संगणकाच्या दृष्टीने कंट्रोलर हा कीबोर्ड आणि माऊस यांचाच भाऊबंद आहे. कोणते बटण दाबले आणि दांडी किती कलली, एवढेच तो सतत कळवत असतो. यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज देते आणि साध्या कंट्रोलरची गरज त्यात आरामात भागते. एखाद्या उपकरणाने त्याहून जास्त वीज ओढायला सुरुवात केली, तर बहुतेक संगणक ते पोर्टच बंद करून पडद्यावर तशी सूचना देतात. एवढ्याशा वस्तूमुळे हार्ड डिस्क मरते, असे जे लोक ठामपणे सांगतात त्यांनी संगणकाचे झाकण एकदाही उघडून पाहिलेले नसते.

२००८ साली मी पंधरा वर्षांचा होतो. वर्षभर पैसे साठवून मी गाड्यांच्या गेमसाठीचे एक जुने स्टिअरिंग व्हील विकत घेतले होते, पेडलसह, टेबलाच्या कडेला शिकंज्याने घट्ट बसणारे. घरात संगणक एकच. बाबांची कामे त्याच्यावर होत आणि ताईचा पीएचडीचा प्रबंधही त्याच्यावरच चालला होता. व्हील आणण्याच्या आधीपासूनच तो संगणक रखडत असे. फाईल उघडताना मिनिटभर थांबे, आणि ‘जुना झालाय आता’ असे म्हणून सगळे गप्प बसत. व्हील आल्यावर आठवड्याभरात तो पूर्ण गोठायला लागला, आणि ‘जुना झालाय’ हे वाक्य त्या दिवसापासून घरात पुन्हा ऐकू आले नाही. ‘ते चाक आलं आणि कॉम्प्युटर बिघडला. यात अजून काय तपासायचं?’ असे बाबा म्हणाले, आणि खरोखरच कोणी काही तपासले नाही.

डिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा, थोडा थांबायचा, आणि पुन्हा तितक्याच संथपणे सुरू व्हायचा. तो आवाज कॅबिनेटमधून येतो आहे आणि कॅबिनेट खाली जमिनीवर आहे, टेबलाशी त्याचा काही संबंध नाही, हे मी दोनदा सांगितले. मी माझी बाजू मांडतो आहे, असाच त्याचा अर्थ घेतला गेला. दोन आठवड्यांनी व्हील जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेले आणि गेम पुसले गेले. पुढचे दोन आठवडे संगणक शांत होता, म्हणजे बाबांचे म्हणणे सिद्धच झाले. त्या दोन आठवड्यांत ताई परगावी होती आणि मला संगणकाला हात लावायची बंदी होती. तो चालूच फारसा होत नव्हता, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

यातले खरे नुकसान मला आजही बोचते. संगणक गोठायला लागला तेव्हा ताई घाबरून दर दोन-चार दिवसांनी आपल्या फाईली पेन ड्राइव्हवर घेत होती. व्हील माळ्यावर गेल्यावर तिने ते सोडून दिले, कारण दोष सापडला आहे, तो काढून टाकला आहे, आता भीती कसली, असे घरात ठरले होते. परत आल्यावर तिने पाच आठवडे नेटाने काम केले, आणि एका सकाळी डिस्क उघडलीच नाही. दीड प्रकरण आणि सगळी कोष्टके गेली. त्या दिवशी ती मला एवढेच म्हणाली की हे तुझ्या चाकामुळे झाले. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतेच बोलत असे.

ती डिस्क मी टाकू दिली नाही. २०११ मध्ये संगणक दुरुस्तीचे काम शिकत असताना मी ती दुसऱ्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू हे साधन वापरून जेवढे वाचता येईल तेवढे उतरवून घेतले. ताईच्या फाईली अर्धवट निघाल्या आणि तोवर त्यांचा उपयोगही उरला नव्हता, पण विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट लॉगची फाईल, धड निघाली. त्यात ‘डिस्क’ या स्रोताखाली ७ क्रमांकाच्या नोंदी होत्या. या क्रमांकाचा अर्थ, डिस्कवर खराब भाग सापडला. व्हीलच्या खोक्यात पावती अजून होती. पहिल्या नोंदीची तारीख पावतीच्या तारखेच्या ४१ दिवस आधीची होती.

मी तो कागद छापून घरी नेला. ताईने तो वाचला, घडी घालून आपल्या वहीत ठेवला आणि म्हणाली, ‘तेव्हा मी तुला नीट विचारायला हवं होतं.’ बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘असेल. पण तू तेव्हा अभ्यास सोडून त्यालाच चिकटून होतास, हे खरं की नाही?’

ते खरे होते. आणि तुमच्याही घरात भांडण बहुधा त्याच गोष्टीचे आहे. मुलगा किंवा मुलगी किती वेळ खेळते, याची काळजी वाटणे समजण्यासारखे आहे आणि त्याबद्दल बोलण्याचा आईवडिलांना पूर्ण अधिकार आहे. पण ते बोलायचे तर तसे सरळ बोलावे. संगणकाच्या बिघाडाला साक्षीदार करून ते भांडण जिंकायला गेले की मुलाचे खेळणे कमी होते की नाही कोण जाणे, संगणकाचा दोष मात्र आत तसाच वाढत राहतो. आमच्या घरी नेमके हेच झाले.

आता गेमबद्दल. गेम संगणकाकडून पूर्ण ताकदीने काम करून घेतो, म्हणून आधीपासून असलेले दुखणे गेम चालू असतानाच वर येते. पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली असते, प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते किंवा पॉवर सप्लाय थकलेला असतो. पत्र टाइप करताना यातले काही जाणवत नाही. २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणी आवृत्तीत ईव्हीजीए कंपनीची काही महागडी ३०९० ग्राफिक्स कार्डे बंद पडली, तेव्हा सगळ्यांनी गेमला धारेवर धरले. पुढे कंपनीनेच सांगितले की त्या कार्डांवरचे सोल्डरिंग सदोष होते. उलट उदाहरणही आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ आला तेव्हा त्याच्या मेनूच्या पडद्यावर फ्रेमच्या वेगाला, म्हणजे कार्डाने सेकंदाला किती चित्रे काढावीत याला, मर्यादाच नव्हती, आणि ज्यांच्या संगणकात थंडाव्याची सोय कमी होती त्यांची कार्डे तापत होती; गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने मर्यादा घालण्याचा उपाय सांगितला. तिथेही निरोगी कार्डाला त्या भाराचे काही वाटायला नको होते, पण गेम पूर्ण निर्दोष होता असे मी म्हणणार नाही.

तुम्ही काय करावे? काहीही तपासण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्या, आणि ते सगळ्यांना सांगून करा. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची ती नोंदवही दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून ‘सिस्टम’ विभागात पाहा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच सांगते, कारण सांगत नाही. पण तिच्या तारखा उपयोगी आहेत. ‘डिस्क ७’ दिसली तर वाद घालत बसू नका, डिस्क बदलायची तयारी करा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘रिअलोकेटेड सेक्टर’ (डिस्कने बाद करून बदललेले भाग) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेले, संशयित भाग) हे दोन आकडे पाहा. ते शून्य नसतील आणि दिवसागणिक वाढत असतील, तर डिस्क खराब होत चालली आहे. डिस्क ठीक असेल, तर आईबाबांच्या समोर, एकही गेम न उघडता, मोठ्या व्हिडिओचे रूपांतर किंवा प्राइम९५ सारखी ताण-चाचणी लावा. कंट्रोलर त्यांच्याच हातात असू द्या. तशातही संगणक बंद पडला, तर तुम्हाला फार बोलावे लागणार नाही. आणि कंट्रोलर काढून पाहण्याची चाचणी ते सुचवतील तर जरूर मान्य करा, मात्र तितके दिवस संगणक पूर्वीइतकाच वापरला गेला पाहिजे, अशी अट घाला. आमच्याकडे ही अट कोणी घातली नव्हती.

काही गोष्टी तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत, त्याही सांगतो. फुकट उतरवलेले क्रॅक केलेले गेम आणि चीट करण्याचे प्रोग्रॅम यांतून व्हायरस येतात, आणि तसे काही तुमच्या संगणकावर असेल तर आईबाबांचे बरोबर आहे, ते आजच काढा. अस्सल वस्तूंचे सॉफ्टवेअरही नेहमी निर्दोष असते असे नाही. २०२१ मध्ये रेझर कंपनीच्या माऊसबरोबर आपोआप येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फट सापडली होती की नुसता माऊस जोडून संगणकावर सर्वोच्च अधिकार मिळवता येत होते. ‘व्हॅलोरंट’ या गेमचे चीट पकडणारे सॉफ्टवेअर व्हॅनगार्ड संगणक सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, शिरते, तेव्हा त्याबद्दल घरात कोणी शंका घेतली तर ती वेडगळ नाही. जोराचा धक्का देणारे स्टिअरिंग व्हील आणि फिरत्या डिस्कचे कॅबिनेट एकाच टेबलावर असेल, तर कॅबिनेट खाली ठेवा. एवढे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की तपासल्याशिवाय दोष देणे हा निव्वळ आळस आहे, आणि वयाने मोठ्या माणसाने केला म्हणून तो आळस नाहीसा होत नाही.

माझे व्हील बाबांनी कधीच खाली काढले नाही. कागद दाखवल्यानंतर मी वर्षभर वाट पाहिली आणि शेवटी मीच माळ्यावर चढलो. चादर अजून तशीच गुंडाळलेली होती आणि मुठीवरचे रबर विरघळून बोटांना चिकटत होते. बिघाड दुसराच निघाला, तर तुमचा कंट्रोलर तुम्ही स्वतः कपाटातून काढून घेऊ नका. आईबाबांना तो स्वतःच्या हाताने परत द्यायला सांगा.