झटका एक, मग बधिरपणा दोन्हीकडे काहून?

प्रश्न : काकांना पॅरालिसिसचा झटका आला पण हातापायात ताकद आहे, फक्त चेहरा डावीकडून अन् अंग उजवीकडून गरम-थंड ओळखत नाही, गिळतानाही ठसका लागतो. डॉक्टर म्हणतात झटका एकच. असं कसं बाप्पा? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : होतं असं, याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात, झटका ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या, खालच्या भागात म्हणजे मेडुलात, डाव्या कडेला बसलेला असणार. अंगाकडून वेदना, गरम-थंड नेणाऱ्या नसा मेरुरज्जूत शिरल्या की तिथंच बाजू बदलतात, म्हणून उजव्या अंगाची खबर मेडुलात डावीकडून वर जाते, पण चेहऱ्याच्या नसा आधी आपल्याच बाजूनं खाली उतरतात अन् मग पलीकडे जातात, त्यामुळे तिथं मार लागला की दोन्ही सापडतात. गिळण्याचं केंद्रही तिथंच. ताकदीचा मार्ग मात्र पुढून, मधोमध जातो, तो वाचला.

ठसका हलक्यात घेऊ नका, अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं, गिळण्याची तपासणी करूनच खायला द्या. आंघोळीचं पाणी काकांनी डाव्या हातानं बघायचं, अन् आपल्या मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर अनवाणी तर बिलकुल नाही.