सिंकमधली फसफस आणि केळ्याचा वास

प्रश्न: किचनचं सिंक तुंबलं म्हणून व्हिडिओत बघून खायचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं. फेस भरपूर आला पण पाणी काही उतरेना, वर दुसऱ्या दिवशी जाळीवर पांढरे कण. विषारी आहे का ते? (एक वाचक, सांगली)

उत्तर: अजिबात नाही हो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड आणि सोडा भिडले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तीच तुमची फसफस, आणि मागे पाण्यात सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ उरतं, ते वाळलं की पांढरं दिसतं. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम सोडा पुरता संपवायला ५ टक्केवालं व्हिनेगर साधारण ७० मिली लागतं, त्याहून कमी ओतलं असेल तर त्या कणांत उरलेला सोडापण असणार. आता बघा, सोडा एकटा तेलकटपणावर चालतो, व्हिनेगर एकटं बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांवर चालतं, पण दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात आणि हातात येतं मिठाचं पाणी, त्याने साचलेलं तूप कसं हलणार! व्हिडिओ मात्र फेसावर चालतात. रबरी पंप मारा, मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण.

तुम्ही नाल्यात सोडलेलं हेच मीठ हातपाय शेकायच्या त्या चकती टिचकवायच्या पिशवीत असतं बरं का. ५८ अंशाला वितळतं, थंड झालं तरी द्रवच राहतं, चकती वाजली की झटक्यात गोठतं आणि साठलेली उष्णता बाहेर टाकतं. उकळत्या पाण्यात ठेवली की पिशवी परत तयार.

प्रश्न: केळं खाऊन मधपेटी उघडू नकोस असं आमचे काका म्हणतात. काहीतरीच ना? (एक वाचक, महाबळेश्वर)

उत्तर: काकांचं ऐका. पिकल्या केळ्याचा वास मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेटचा, म्हणजे ॲसिटिक ॲसिड आणि एक अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग, एस्टर (नेलपॉलिश रिमूव्हरमधलं इथाइल ॲसिटेट याचंच भावंड), आणि माशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी नेमकं हेच सुटतं, बाकीच्या माश्यांना तो धोक्याचा भोंगा. म्हणून एक चावली की त्याच जागी दुसरी येते. नांगी नखाने खरवडून काढा, जागा धुवा, आणि केळं घरी आल्यावर खा.