‘प्रतिस्पर्धी’ म्हणजे काय? ‘स्पर्धक’ आणि ‘विरोधक’ यांपेक्षा तो वेगळा कसा?

स्पर्धेत उतरलेला प्रत्येक जण स्पर्धक. त्यातला जो तुमच्या समोर उभा आहे, तो तुमचा प्रतिस्पर्धी. महाराष्ट्र केसरीला शेकडो मल्ल येतात, ते सगळे स्पर्धक. पण माती आणि गादी विभागांचे विजेते अंतिम कुस्तीत भिडतात तेव्हा ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी. (कुस्तीच्या बातम्यांत ‘प्रतिमल्ल’ही दिसतो. मला तो जास्त आवडतो.)

थोडक्यात, दोघांना एकच गोष्ट हवी असली पाहिजे. विरोधकाला तुमचं पद नकोच असेल, त्याला फक्त तुमचा निर्णय मान्य नसतो. म्हणून विधानसभेत ‘विरोधी पक्षनेता’ असतो, ‘प्रतिस्पर्धी पक्षनेता’ नाही. निवडणुकीत मात्र त्याच दोघांना प्रतिस्पर्धी उमेदवार म्हणतात, कारण जागा एकच.

कोर्टात हा शब्द चालत नाही. दिवाणी दाव्यात वादीच्या समोर प्रतिवादी असतो, ग्राहक आयोगात तक्रारदाराच्या समोर ‘सामनेवाले’. हा सामनेवाला अस्सल कचेरीतला शब्द, निकालपत्रात पानोपानी सापडेल.

लिहिताना एक चूक फार होते: ‘प्रतिस्पर्धीला हरवलं’. विभक्ती लागली की ‘प्रतिस्पर्ध्याला’, ‘प्रतिस्पर्ध्याने’, अनेकवचनी ‘प्रतिस्पर्ध्यांना’. विद्यार्थी-विद्यार्थ्याला, तसंच. खेळाडू बाई असली तरी मूळ शब्द तोच राहतो, ‘ती माझी प्रतिस्पर्धी’. ‘प्रतिस्पर्धिनी’ फारसं कुणी म्हणत नाही.